सीमेपलीकडचे इस्पितळ

उपचारासाठी परदेशी जाण्याच्या प्रथेला गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ‘वैद्यकीय पर्यटन’ असे नाव मिळाले आहे. रोग्याला पर्यटक म्हणणे जरा विचित्रच. पण शब्द रूढ झाला आहे आणि त्यामागचा हिशेबही सर्वांना ठाऊक आहे. इंग्लंडमधील माणूस सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी सरकारी रुग्णालयाच्या प्रतीक्षायादीत महिनोन्‌महिने थांबतो, अमेरिकेतील माणूस विम्याअभावी हवालदिल होतो, बांगलादेशातील माणसाला घराजवळच्या रुग्णालयाचा भरवसा वाटत नाही. आणि मग तिघेही भारताकडे किंवा थायलंडकडे वळतात. कमी खर्चात चांगला उपचार, एवढेच त्यांचे मागणे असते.

ही प्रथा विमानयुगातली आहे असा समज मात्र बरोबर नाही. गोव्याच्या उत्तर टोकाला असलेल्या पेडणे आणि डिचोली या दोन महालांतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या उपचारासाठी ‘परदेशी’ जात आली. त्यासाठी त्यांना समुद्र ओलांडावा लागला नाही. कधी तेरेखोलची खाडी, कधी पत्रादेवीचा नाका, कधी दोडामार्गचा रस्ता ओलांडला की एक राज्य संपून दुसरे सुरू होत असे. या लहानशा भूभागाचा इतिहास पाहिला, तर ‘परदेश’ या शब्दाचा रोग्याच्या दृष्टीने नेमका अर्थ काय, हा प्रश्न बराच स्पष्ट होतो.

आरंभ जुन्या गोव्यापासून करावा लागतो. अफोंसो द आल्बुकर्कने १५१० साली गोवा जिंकल्यावर पोर्तुगीज सैनिकांसाठी तेथे राजाच्या नावाचे इस्पितळ उभे राहिले. १५९१ मध्ये त्याचा कारभार जेझुइटांकडे गेला. १६०८ साली फ्रान्स्वा पिरार द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासी आजारी अवस्थेत गोव्यात पोहोचला आणि याच इस्पितळात दाखल झाला. तेथील स्वच्छता, अन्न आणि चिनी मातीची भांडी पाहून तो थक्क झाला. जगात असे दुसरे इस्पितळ नसेल असे त्याचे मत झाले. परंतु हे वैभव पोर्तुगीज शिपायासाठी होते. मांडवीकाठच्या कुळवाड्याला त्याचे दार उघडे नव्हते.

त्याच शहरात एक दुसरी वैद्यकीही नांदत होती. यान हुइगेन व्हान लिन्स्खोटेन हा डच गृहस्थ १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात होता. त्याने नोंदवून ठेवले आहे की व्हाइसरॉय, आर्चबिशप आणि मठांतले पाद्री हे सारे आपल्या देशबांधवांपेक्षा हिंदू वैद्यांवर अधिक विश्वास टाकतात. ज्या राजवटीत हिंदूंच्या धर्माचरणावर बंधने होती, त्याच राजवटीचे अधिकारी आजारपणात हिंदू वैद्याला पाचारण करीत. उलट दिशेचे उदाहरणही आहे. ‘कोलोक्विउश’ हा भारतीय वनौषधींवरील ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापणारा गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा चिकित्सक होता आणि त्यासाठी गोव्याहून घाटावर जात असे. अर्थात अशी ये-जा थोरामोठ्यांची होती. राजाला वैद्य बोलावून घेता येतो. सामान्य माणसाला वैद्याकडे चालत जावे लागते.

त्या काळी पेडणे आणि डिचोली पोर्तुगिजांच्या ताब्यात नव्हतेच. आदिलशाही, मराठे आणि सावंतवाडीकर भोसले यांच्या सत्तेखाली हा मुलूख होता. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीज अमलाखाली गेले. या प्रदेशांना ‘नव्या काबिजादी’ असे नाव पडले. तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या जुन्या काबिजादींहून त्यांचा संसार वेगळा होता. येथील शिक्षण, हिशेब आणि कीर्तन-पुराण मराठीत चाले, सोयरिकी वाडी-बांद्याकडे जुळत, बाजारहाटही बराचसा तिकडचाच. १७८८ नंतर सीमारेषा पेडण्याच्या दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकली. माणसे होती तेथेच राहिली. पण कालपर्यंतचे शेजारगाव परराज्यात गेले आणि कालपर्यंतचे परराज्य सरकार झाले.

१८४२ मध्ये पणजीला वैद्यकीय विद्यालय, ‘एस्कोला मेदिको-सिरुर्जिका’, स्थापन झाले. आशियातील आधुनिक वैद्यकशिक्षणाच्या जुन्या संस्थांत त्याची गणना होते आणि गोमंतकीयांना तिचा अभिमान वाटतो, तो योग्यच आहे. मात्र या विद्यालयाचे शिक्षण पोर्तुगीज भाषेत होते आणि तेथून बाहेर पडलेल्या पुष्कळ डॉक्टरांची वाट पोर्तुगालच्या आफ्रिकेतील वसाहतींकडे गेली. नव्या काबिजादींतील हिंदू कुटुंबांत पोर्तुगीज शिकलेली माणसे विरळा; १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक येईपर्यंत त्यांना समान नागरी हक्कही नव्हते. शिवाय पेडण्याहून पणजीला जायचे तर आधी शापोरा नदी आणि मग मांडवी, अशा दोन नद्या होडीने ओलांडायच्या. पावसाळ्यात हा प्रवास धडधाकट माणसालाही नको वाटे. पणजीचे डॉक्टर कोकणी बोलत, हे खरे. पण कागद, अर्ज, शिक्का आणि कचेरीतला साहेब हे सारे पोर्तुगीज. पेडण्याच्या शेतकऱ्याला आपल्याच राजधानीत परदेशात आल्यासारखे वाटत असेल, तर त्यात नवल नव्हते.

पेडण्यातून बाहेर गेलेल्या आणि पुढे स्वतःच वैद्य झालेल्या एका मोठ्या माणसाची आठवण येथे करणे प्राप्त आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे घराणे पेडणे महालातील मांद्रे गावचे. १८२२ च्या सुमारास जन्मलेले रामचंद्र विठ्ठल लाड शिक्षणासाठी मुंबईस गेले. १८४५ मध्ये सुरू झालेल्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीतून १८५१ साली ते पदवीधर झाले. प्राच्यविद्येचे संशोधक आणि मुंबईचे दोनदा झालेले शेरीफ म्हणून ते आपल्याला ठाऊक असतात, राणीच्या बागेतील संग्रहालयाला १९७५ मध्ये त्यांचे नाव दिले गेले हेही ठाऊक असते. परंतु त्यांचे कुष्ठरोगावरील काम तितके स्मरणात राहिलेले नाही. कडुकवठ या कोकण आणि सह्याद्रीत उगवणाऱ्या झाडाच्या बियांचे तेल त्यांनी कुष्ठरोग्यांवर वापरून पाहिले. त्याच कुळातील चौलमुग्राचे तेल पुढे १९४० च्या दशकात सल्फोन औषधे येईपर्यंत जगभर कुष्ठरोगावरचे प्रमुख औषध होते. गोरगरिबांवर भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी मोफत उपचार करीत. पेडण्याच्या मातीतला हा माणूस पोर्तुगीज राजधानीकडे न वळता इंग्रजांच्या मुंबईकडे वळला, यात त्या महालाचा कल दिसून येतो. विद्या असो वा औषध, पेडण्याची वाट उत्तरेला होती.

ही वाट विसाव्या शतकाच्या आरंभी आणखी रुळली. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये त्यांचे मिरजेचे रुग्णालय उघडले. मिरज हे एका छोट्या संस्थानाचे ठिकाण; पण पुणे-बेळगाव-लोंढा या लोहमार्गावर असल्यामुळे ते दूरदूरच्या रोग्यांच्या टप्प्यात आले. लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे मुरगावपर्यंत मीटरगेज गाडी होती, म्हणजे गोव्यातून मिरजेपर्यंत लोहमार्ग सलग होता. मोतीबिंदू आणि पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी या रुग्णालयाचा लौकिक कर्नाटक, कोकण आणि गोव्यापर्यंत पोहोचला. ऐपत असेल त्याच्याकडून शुल्क घ्यायचे आणि गरिबाला परत पाठवायचे नाही, असा तेथील रिवाज होता. ‘मिरजेला नेले’ या दोन शब्दांत त्या पिढीची मोठ्या आजाराबद्दलची भीती आणि आशा दोन्ही सामावलेल्या असत. त्याहून जवळचे ठिकाण वेंगुर्ले. तेथे याच मिशनचे रुग्णालय होते आणि डॉ. रॉबर्ट गोहीन यांनी त्यात दीर्घकाळ सेवा केली. त्यांचे चिरंजीव रॉबर्ट फ्रान्सिस गोहीन १९१९ मध्ये वेंगुर्ल्यातच जन्मले, प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष झाले आणि १९७७ ते १९८० या काळात अमेरिकेचे राजदूत म्हणून भारतात परतले.

आता या प्रवासाकडे कायद्याच्या नजरेने पाहावे. पेडण्याचा रहिवासी पोर्तुगीज प्रजाजन, वेंगुर्ले ब्रिटिश हिंदुस्थानात, मिरज संस्थानात आणि डॉक्टर अमेरिकन किंवा कॅनडात जन्मलेला. चार देशांची नावे या एका आजारपणात गुंतलेली आहेत. तरीही रोग्याला तेथे परके वाटण्याचे कारण नव्हते. खाटेशेजारी बसलेली मंडळी मराठी बोलत, परिचारिकेला दुखणे सांगता येई, बाजारात आपल्याच चवीचे अन्न मिळे आणि वाटेत मुक्कामाला एखादे नातलगाचे घर सापडे. उपचार स्वस्त पडण्याची खरी कारणे हीच होती. शुल्क हा खर्चाचा एक भाग. बरोबर येणाऱ्या माणसांचा मुक्काम, जेवण आणि बुडालेला रोज हा दुसरा, आणि बहुधा मोठा. भाषा आणि नाती जेथे कामी येतात तेथे हा दुसरा खर्च हलका होतो. आजचे वैद्यकीय पर्यटनाचे दलाल दुभाषा, निवास आणि विमानतळावरची गाडी यांचे जे ‘पॅकेज’ विकतात, ते पेडणेकराला पैपाहुण्यांकडून मिळत असे.

असा रस्ता किती नाजूक असतो हे १९५५ साली कळले. त्या वर्षी १५ ऑगस्टला सत्याग्रही पत्रादेवी, तेरेखोल आणि इतर ठिकाणांहून गोव्यात शिरले आणि पोर्तुगीज सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यानंतर भारत सरकारने सीमा जवळजवळ बंद केली, मुरगावची रेल्वे वाहतूक थांबली, पणजीतील भारतीय वकिलात उठली आणि ये-जा परवान्यावर येऊन ठेपली. इतिहासाच्या पुस्तकांत या नाकेबंदीची चर्चा व्यापार, पैसा आणि राजकारण या अंगांनी होते. तिची एक बाजू घरगुतीही होती. मुंबईत नोकरीला असलेला मुलगा आणि पेडण्यात अंथरुणाला खिळलेला बाप यांच्यामध्ये एक कागद येऊन उभा राहिला. वेंगुर्ले तेवढ्याच कोसांवर होते, पण परदेश आता खऱ्या अर्थाने परदेश झाला होता. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा ही अडचणही संपली.

पुढच्या दोन घटनांनी प्रवाहाची दिशाच पालटली. १९६३ मध्ये जुन्या ‘एस्कोला’च्या जागी गोवा वैद्यकीय महाविद्यालय आले, वृत्तपत्रांच्या आणि लोकांच्या तोंडी त्याचे नाव झाले ‘गोमेकॉ’. ते पुढे टप्प्याटप्प्याने पणजीतून बांबोळीच्या प्रशस्त जागेत गेले. दुसरी घटना १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाची. महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, या प्रश्नावर १,७२,१९१ मते विलीनीकरणाविरुद्ध आणि १,३८,१७० बाजूने पडली. पेडणे आणि डिचोली यांचे बहुमत विलीनीकरणाच्या बाजूचे होते. त्यांचा कौल सबंध गोव्याचा ठरला असता, तर बांबोळी आणि दोडामार्ग आज एकाच राज्यात असते. तसे झाले नाही. गोवा वेगळा राहिला, १९८७ मध्ये राज्य झाला आणि लहान राज्याच्या मानाने त्याची सरकारी आरोग्यव्यवस्था चांगली उभी राहिली.

परिणामी वाट उलटली. आता सीमेपलीकडचा माणूस गोव्यात येऊ लागला. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी, वेंगुर्ले या भागांतील अपघातग्रस्त, अडलेली बाळंतीण, सर्पदंश झालेला काजूबागायतदार यांना कोल्हापूर घाटापलीकडे आणि मुंबई रात्रभराच्या प्रवासावर. बांबोळी मात्र तास-दीड तासावर. २०१५ मध्ये सत्तरीतील पाली येथे आणि २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यातील केर येथे माकडतापाची साथ आली, तेव्हा तर सीमेचा फोलपणा उघड दिसला. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेलेला हा रोग गोचिडीमार्फत पसरतो. गोचीड माकडाच्या अंगावरून सह्याद्रीच्या तिन्ही राज्यांत फिरते. तिला चेकनाका नाही.

असे असताना गोवा सरकारने जानेवारी २०१८ पासून गोमेकॉत परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू केले. दोडामार्गात त्याविरुद्ध मोठे आंदोलन उभे राहिले आणि महाराष्ट्राच्या आरोग्य योजनेतून गोव्यात उपचार मिळावेत, अशी मागणी पुढे आली. गोव्याची बाजू अगदीच गैर होती असे म्हणता येणार नाही. रुग्णालय गोमंतकीयांच्या करातून चालते, खाटा मर्यादित आहेत आणि शेजारच्या राज्याने आपल्या टोकाच्या जिल्ह्याची उपेक्षा करून भार दुसऱ्यावर टाकणे न्यायाचे नाही. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये निर्माण झाला, पण तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१-२२ पर्यंत सुरू झाले नव्हते. या चाळीस वर्षांचा जाब महाराष्ट्राला विचारायलाच हवा.

तरीही हा हिशेब २०१८ पासून मांडायला घेतला तर तो अपुरा ठरेल. पेडण्याचा रोगी वेंगुर्ल्यात आणि डिचोलीचा रोगी मिरजेत जात होता, त्या काळात त्यांच्यावरचा खर्च पोर्तुगीज तिजोरीने उचलला नव्हता. आजही जे उपचार गोव्यात होत नाहीत त्यांसाठी गोमंतकीय मुंबईला जातात. १९४१ मध्ये सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय आणि दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा यांनी गोव्याहून आलेल्या कर्करोग्याला कधी त्याचे राज्य विचारून माघारी धाडलेले नाही. शेजाऱ्याच्या घरी खाल्लेले अन्न आणि शेजाऱ्याला वाढलेले अन्न या दोन्ही नोंदी एकाच वहीत असाव्यात. दोन सरकारांनी आपसात हिशेब अवश्य करावा. तो खाटेवरच्या माणसाकडून वसूल करू नये, एवढेच म्हणणे आहे. २०२० साली करोनाच्या टाळेबंदीत राज्यांच्या सीमांवर पहारे बसले, तेव्हा स्वतंत्र देशातील दोन राज्यांमधली रेषाही रोग्याला १९५५ ची आठवण करून देऊ शकते, हे आपण पाहिलेच आहे.

या इतिहासाचे ताजे प्रकरण पेडण्यातच लिहिले जात आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी एकाच दिवशी मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे आणि धारगळ येथील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन झाले. दोन्ही पेडणे तालुक्यात, एकमेकांपासून जवळच. २०२३ मध्ये भारत सरकारने आयुर्वेदादी उपचारांसाठी येणाऱ्या परदेशी लोकांसाठी ‘आयुष व्हिसा’ हा नवा प्रकार सुरू केला. म्हणजे ज्या महालातली माणसे औषधासाठी परमुलखात जात, तेथे आता परमुलखातील माणसे औषधासाठी उतरू शकतात. लिन्स्खोटेनच्या काळी परदेशी मंडळी देशी वैद्यावर भरवसा टाकत. साडेचार शतकांनी त्या भरवशाला व्हिसाचा शिक्का मिळाला आहे. पेडण्याला या घटनेचा आनंद व्हावा, रोजगार वाढावा, भाऊ दाजींच्या गावाजवळ कडुकवठासारख्या वनस्पतींवर नव्याने संशोधन व्हावे, हे सारे इष्टच आहे.

पण एक कसोटी मनात ठेवावी लागेल. दूरदेशीचा माणूस येथे येतो तेव्हा त्याच्याजवळ पैसा असतो, परतीचे तिकीट असते आणि थांबण्याइतका वेळही असतो. त्याला आपण पाहुणा म्हणतो. दोडामार्गचा माणूस येतो तेव्हा त्याच्याजवळ बहुधा यांपैकी काहीच नसते, आणि त्याला आपण परप्रांतीय म्हणतो. ओळख, भाषा, नाते आणि जमिनीचा सलगपणा या सर्व बाजूंनी पाहता परका कोण आणि घरचा कोण, याचे उत्तर पेडणे आणि डिचोली यांना वेगळे शिकवायला नको. गेल्या अडीचशे वर्षांत या महालांच्या डोक्यावरून सीमा अनेकदा सरकली. प्रत्येक वेळी कुठल्या तरी काठावरचा रोगी परदेशी ठरला आणि प्रत्येक वेळी पलीकडच्या काठावर कोणीतरी त्याला खाटेवर घेतले. हा ज्यांचा पूर्वेतिहास आहे, त्यांनी आपल्या काठावर आलेल्या माणसाला आधी दुखणे विचारावे. गाव कोणते, हे नंतरही विचारता येते.